इसारावरचा व्यापार आणि अडलेला विकणारा



व्याख्यानमालेच्या चालकांना मी ‘जमिनीचा इसार’ हा विषय कळवला तेव्हा त्यांना जरा नवल वाटले. युनियनचा माणूस बोनस नि महागाईभत्त्यावर बोलणार, अशी त्यांची समजूत. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कामगारांची जी गाऱ्हाणी मजपुढे आली, त्यांत पगाराइतकीच प्लॉटची होती. कामगाराजवळ शेवटी दोनच गोष्टी उरतात, फंड आणि प्लॉट. फंडाची राखण कायदा करतो. प्लॉटची ज्याची त्याने करायची असते. शिवाय त्याच कामगारांची मुले हल्ली मला विचारतात, “काकाजी, नोकरी नाही, भांडवल नाही, प्लॉटच्या धंद्यात उतरू का?” तेव्हा विकणारा आणि मधला, दोघांच्या बाजूने आज हा प्रश्न पाहू. मी वकील नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदे वाचले ते लोकांची कागदपत्रे उलगडताना.

धंदा असा आहे. एक गृहस्थ प्लॉट विकायला निघतो. मधला माणूस त्याच्याशी तीस लाखांत सौदा ठरवतो, दोन लाख बयाणा देतो (आपल्या नागपुरात इसाराला बयाणाच म्हणतात) आणि बाकीच्या रकमेसाठी तीन महिन्यांची मुदत मागतो. त्या तीन महिन्यांत तो प्लॉट विकत घेत नाही, गिऱ्हाईक शोधतो. गिऱ्हाईक छत्तीस लाखांत पटले, की विक्रीपत्र थेट मूळ मालक आणि नवे गिऱ्हाईक यांच्यात होते, मधल्याचे नाव कुठेच येत नाही, आणि सहा लाख त्याच्या खिशात पडतात. दोन लाखांवर तीन महिन्यांत सहा लाख! आमच्या गिरणीमालकांनाही असा नफा कधी झाला नसेल.

या सगळ्याची किल्ली इसारपत्रातल्या एका ओळीत असते: “आपण किंवा आपण सांगाल त्या व्यक्तीच्या नावे विक्रीपत्र करून देईन.” मालक घाईत सही करतो. ‘आपण सांगाल त्या’ या तीन शब्दांवर तो सहा लाखांचा फरक उभा असतो, हे त्याला फार उशिरा कळते.

अमेरिकेत या प्रकाराला चक्क ‘होलसेलिंग’ म्हणतात, आणि ज्याच्याकडून स्वस्तात सौदा मिळतो त्याला ‘मोटिव्हेटेड सेलर’. आपल्या मराठीत याला साधा शब्द आहे, अडलेला विकणारा. तिकडेही यावर ओरड झाली. इलिनॉय राज्याने २०१९ साली वर्षात एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्याला परवान्याची अट घातली. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये याविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला.

आता अडलेला विकणारा कोण, आणि तो सापडतो कुठे? नवशिक्याला पहिला धडा हाच देतात, म्हणून मीही तो उघड सांगतो. घरात मोठे आजारपण आले. भावाभावांत वाटणी लागली. मुलगा पुण्या-बंगळूरला स्थायिक झाला आणि म्हाताऱ्यांना रिकामा प्लॉट सांभाळणे होईना. बँकेचा हप्ता थकला. किंवा सुधार प्रन्यासाचे मागणीपत्र आले आणि भरायला पैसे नाहीत. ही माणसे शोधायला जासूद लागत नाहीत. बँक तारण मालमत्तेचा ताबा घेते तेव्हा २००२ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे तिला दोन वर्तमानपत्रांत नोटीस छापावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. दलाल ती नोटीस सकाळच्या चहाबरोबर वाचतो. त्याखेरीज दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचे अर्जनवीस, तलाठ्याकडची गर्दी, चौकातली पानटपरी. इस्पितळाच्या आवारात फिरणारेही मी पाहिले आहेत; त्यांच्याविषयी जास्त बोलत नाही.

गिरणी बंद झाली की अडलेले विकणारे एकाच वेळी शेकड्यांनी तयार होतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली आपली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. भोंगा वाजायचा तिथे आज मॉल आहे. ज्याने पै-पै जोडून कुठे हजार-पंधराशे फुटांचा तुकडा घेऊन ठेवला होता, त्याला पोरीच्या लग्नाला तोच दिसू लागला. आणि नेमके त्याच वर्षी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, मिहानचा गाजावाजा सुरू झाला. पुढल्या चार-सहा वर्षांत वर्धा रोडच्या बाजूला इसारावर इसार चढू लागले. शेतकऱ्याने एकाला बयाणा घेऊन कागद दिला, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. भाव चढता असेतो सगळे हसत होते. बाजार थांबला, की सगळ्यांत शेवटी ज्याच्या हातात कागद, तो रडला. आणि शेतकऱ्याच्या जमिनीवर दावा पडला.

कायदा याविषयी काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे. त्याचे ५४ वे कलम सांगते, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. म्हणजे बयाणा देणारा मालक होत नाही. फक्त ‘मला विक्री करून द्या’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला मिळतो. इसारपत्र आणि आममुखत्यारपत्र यांच्या जोडीवर प्लॉट ‘विकले’ जातात, त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. तरीही आपल्या वस्त्यांत अशा कागदांवर घरे उभी आहेत, हे तुम्हीही जाणता.

पण म्हणून इसारपत्र हा नुसता कागद समजू नका. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखाली बयाणा देणारा कोर्टात जाऊ शकतो, आणि त्याने आपला हक्क ज्याच्या नावे फिरवला तोही जाऊ शकतो. मात्र करारातच तसे फिरवण्याची मनाई असेल तर नाही. पूर्वी सौदा मालकावर फार जाचक ठरत असेल तर पूर्तता नाकारण्याची न्यायाधीशाला बरीच मोकळीक होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती आकुंचित झाली. तेव्हा विकणाऱ्याने एक ओळ आपल्या बाजूने घालावी: “हा करार खरीददाराला दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही.” दलालाचा चेहरा त्या ओळीवर कसा होतो, तेवढ्यावरून तो खरा खरीददार की मधला, हे कळते.

आजारपणात केलेल्या सौद्यापुरता १८७२ चा करार कायदा थोडा आधार देतो. ज्याचे मन वयाने, आजाराने किंवा शारीरिक-मानसिक क्लेशाने खचले आहे त्याच्याशी करार करणारा माणूस त्याच्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असतो, असे १६ व्या कलमात म्हटले आहे. किंमत अपुरी असणे एवढ्यानेच करार रद्द होत नाही; पण संमती खुशीची होती का, हे ठरवताना ती अपुरी किंमत कोर्ट विचारात घेऊ शकते. कोर्टात हे सिद्ध करायला मात्र वर्षे जातात.

एक हकीकत सांगतो. कामठी रोडकडचा एक निवृत्त विणकर. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने अकरा हजार बयाणा घेऊन कागद केला. मुदत तीन महिने. मुदत सरली, दलाल बाकी रक्कम घेऊन आला नाही, कारण त्याला गिऱ्हाईकच मिळाले नव्हते. पण विणकराने दुसरा खरीददार आणताच त्याने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस ठोकली: ‘सदर प्लॉटचा आमच्याशी करार झाला आहे.’ दुसरा खरीददार पळाला. अकरा हजारांत एक प्लॉट वर्षभर बांधून ठेवला गेला. शस्त्रक्रिया व्याजाच्या पैशावर झाली. आम्ही दहा-बारा जण दलालाच्या दुकानात बसलो, दोन दिवस. मारामारी नाही, घोषणा नाहीत, चहासुद्धा आपला आपण आणला. तिसऱ्या दिवशी त्याने अकरा हजार घेऊन रद्दपत्रावर सही केली. कायद्याच्या पुस्तकात हा उपाय नाही, आणि प्रत्येकाजवळ दहा-बारा रिकामी माणसे नसतात.

आता त्या मुलांना माझे उत्तर. धंदा करा, खरीददार आणि विकणारा यांची गाठ घालून देणे ही मेहनत आहे आणि मेहनतीचा मोबदला मागण्यात लाज नाही. पण दलाल म्हणून करा, खरीददाराचे सोंग घेऊन नको. दोघांना सांगा की मी मधला आहे, माझी दलाली इतकी टक्के, आणि ती लिहून घ्या. रेराखाली नोंदलेल्या लेआउटमधले प्लॉट विकायचे असतील तर एजंट म्हणून नोंदणी लागते. २०२३ पासून महारेराने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही ठेवली आहे. ती द्या. नागपुरात ज्याला कागद वाचता येतो त्याला काम कमी पडत नाही. शहरात आखीव पत्रिका, गावाकडे सातबारा आणि फेरफार. प्लॉट ५७२ च्या यादीतला की १९०० च्या, सुधार प्रन्यासाचे आरएल पत्र झाले की नाही. नझूलचा असेल तर पट्ट्याची मुदत. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, कारण विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यात त्यावर बंधन आहे. आणि बहिणींच्या सह्या! वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे, तरी ‘बहिणींचे काय, त्या देतील सही’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो.

विकणाऱ्यांसाठी थोडे उरले आहे. वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने घेऊ नका. २०१५ पासून आयकर कायद्याने ते बंद आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका बसतो. विक्रीपत्रात छत्तीसचा आकडा पडणार असेल आणि तुमच्या हाती तीसच येणार असतील, तर नफ्याचा हिशेब छत्तीसवर तुमच्याच नावे होतो. सही करण्यापूर्वी आकडा स्वतः वाचा. बयाणा परत देण्याची वेळ आली तर आधी रद्दपत्र, मग पैसे, आणि करार नोंदवलेला असेल तर रद्दपत्रही नोंदवा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. ज्यांच्या घरी असा कागद पडून असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. झेरॉक्स आणा, मूळ प्रत घरी ठेवा, मलाही देऊ नका.