दुखणं कोणत्या खात्यावर लिहायचं?
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशीचा एकरी खर्च विचारला तर इथला प्रत्येक जण बियाणं, खत, फवारणी, वेचणी बोटांवर मोजून सांगेल. घरातल्या दुखण्याचा खर्च कोणत्या खात्यावर लिहिता, असं विचारलं तर उत्तर एकच येतं. सावकाराच्या.

मी शेतकीचा पदवीधर. नोकरी होती तोवर आजारपणाचा विचार केला नाही. नोकरी सोडून या कामात आलो आणि दुसऱ्याच वर्षी वडिलांचं हर्नियाचं दुखणं निघालं. धावपळ करून पॉलिसी घेतली. दवाखान्यात गेल्यावर कळलं, हर्नियाला पहिली दोन वर्षं भरपाई नाही. घरातला कापूस पडत्या भावात विकून बिल भरलं. कागद न वाचता तहान लागल्यावर विहीर खणायला निघालो, ही चूक माझीच.

कारखान्यातल्या कामगाराच्या राज्य विम्यात तो पगाराचा पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आपला मालक कोण? आपणच. म्हणून आपल्याला हिशेबानं चालावं लागेल.

पहिली गोष्ट. जे फुकट आहे ते आधी पदरात घ्या. २०१२ साली जीवनदायी या नावानं सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण योजनेतलाच दवाखाना आणि यादीतलाच उपचार लागतो. दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा. १५५३८८ हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आजच दुरुस्त करा. रात्री बारा वाजता पेशंट गाडीत असताना तहसील उघडं नसतं. घरात ७० वर्षांवरची माणसं असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड वेगळं काढा.

दुसरी गोष्ट. अपघाताचा विमा म्हणजे आजाराचा विमा नव्हे. बँकेत वर्षाला २० रुपये कापले जातात, तो सुरक्षा विमा अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. डेंग्यूला त्यातून पैसाही मिळत नाही. तो घ्या, पण त्यावर निर्धास्त राहू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली. विषबाधा, सर्पदंश, वीज यांसाठी गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान आहे. त्याला हप्ता नाही. मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही लगेच करायचा.

तिसरी गोष्ट. एवढं करून चार पैसे उरत असतील तरच पॉलिसी घ्या. २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' ही एकाच नियमांची पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्या विकतात. त्यामुळे हप्ता आणि जवळचे दवाखाने एवढीच तुलना पुरते. बिलाचे ५ टक्के आपण भरायचे असतात. जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. शुगर, बीपी लपवू नका. लपवलं तर ऐन वेळी हात वर करायला कंपनीला निमित्त मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, एजंटनं लावला तर विचारा. आणि हप्त्याची तारीख कापसाचे पैसे हातात येतात त्या महिन्यात ठेवा. पेरणीच्या तोंडावर आलेला हप्ता चुकतो आणि पॉलिसी बुडते.

या सगळ्यातून ताप-खोकल्याची औषधं, तपासण्या सुटतातच. त्यासाठी दूर बघायला नको. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास गावांबरोबर आरोग्य विमा चालवला. हप्ता काय? ज्वारी! सुगी झाली की घरोघरची ज्वारी गोळा व्हायची. जास्त जमीनवाल्यानं जास्त द्यायची, भूमिहीनानं कमी. गावातली बहुतेक घरं आली तरच योजना. आजारी पडेल तोच पैसे भरेल असं ठरवलं, तर तो विमा राहत नाही, वर्गणी होते.

हप्ता नोटांतच असला पाहिजे, हे कोणी सांगितलं? या सुगीला प्रत्येक गावानं बसून ठरवावं. पुढच्या मेळाव्याला येताना दोन कागद आणा. एकावर कार्ड नसलेल्या घरांची यादी आणि दुसऱ्यावर गावाच्या आरोग्य निधीचा हिशेब.