मतदानयंत्र आणि मतदार



मी यंत्राचा भोक्ता. तरी १९८४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बाजू घेणार आहे. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर मतदानयंत्रे प्रथम वापरली गेली, आणि न्यायालयाने तेथील मतदान रद्द ठरविले. यंत्र बिघडले म्हणून नव्हे. कायद्यात त्याला आधारच नव्हता! १९८८ साली संसदेने कायदा दुरुस्त केला; लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्र पोहोचावयास २००४ साल उजाडले. आम्हां यंत्रवेड्यांना ही दिरंगाई वाटते. पण मतदाराला आपले मत डोळ्यांनी पाहावयाचे असते. आता कागदी चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते खरी. परंतु २०१९ पासून पडताळणी होते ती दर विधानसभा क्षेत्रातील अवघ्या ५ केंद्रांची. एवढ्यावर माझे समाधान नाही.