खारे पाणी, वैशाखाचे ऊन आणि जुनी मोटार



मोटारीची दुरुस्ती हा काही व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी कित्येकांस वाटले असेल. वेदान्तावर बोलावे, लोकशाहीवर बोलावे, फार तर कापसाच्या भावावर बोलावे. मिस्त्रीच्या हाताखालचे काम व्यासपीठावर कशाला? आमचे म्हणणे इतकेच की, अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबात घर सोडले तर मोटारीएवढी मोठी खरेदी क्वचितच होते. ती जुनी झाली म्हणजे तिच्यावर पैसा घालावा की तिला निरोप द्यावा, यावर घरात रात्र रात्र खल होतो. आणि निर्णय बहुधा एका फसव्या आकड्यावरून होतो. तो आकडा म्हणजे मीटरवरचा.

जुन्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांच्या मीटरवर पाचच आकडे असत. लाख किलोमीटर भरले की मीटर पुन्हा शून्यावर! त्यामुळे गाडी एक लाख चालली की तीन लाख, हे मालकाच्या शब्दावरच ठरे. आज आकडे सहा आहेत, पण फसवणूक तीच आहे. रोज अमरावतीहून अकोल्याला जाऊन येणारी गाडी वर्षात पन्नास हजार किलोमीटर सहज चालते. तरी तिचे इंजिन एकदा तापले की त्याच योग्य उष्णतेत तासभर फिरत राहते. उलट राजापेठेतून इर्विन चौकात आणि तेथून परत, अशा दिवसाकाठी दहा खेपा करणारी गाडी वर्षात पाच हजारही चालत नाही. पण ती दहा वेळा थंड अवस्थेत सुरू होते, न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ तिच्या ऑइलात उतरते, आणि इंजिनची झीज मुख्यतः तेव्हाच होते. तेव्हा ‘दोन लाख झाली हो!’ हे ऐकून दचकू नये, आणि ‘डॉक्टरांची गाडी आहे, चाळीस हजारच चालली’ हे ऐकून हुरळूनही जाऊ नये.

मग आमच्या वऱ्हाडात मोटार मरते कशाने? आमच्या मते, पाण्याने.

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधोमध पूर्णेचे खोरे आहे. त्याचा मोठा भाग म्हणजे आपला खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूच्या अनेक गावांतील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी पिववत नाही, आणि ओलितास दिले तर काळी जमीन बिघडते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु जे पाणी आपण बैलाला पाजताना विचार करतो, तेच रेडिएटरात ओतताना मात्र आपला हात थांबत नाही!

तांब्याच्या बंबाच्या आत पांढरे, दगडासारखे पुट बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. जड पाणी तापले म्हणजे त्यातील चुना असा बाहेर पडून तापलेल्या भिंतीला चिकटतो. इंजिनात हीच क्रिया सिलिंडरभोवतालच्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत घडते. पुट पातळ असले तरी उष्णता अडवते, आणि नळ्या मुळातच अरुंद. हे झाले जडपणाचे. खारटपणाचा अपाय निराळा: पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला कुरतडते. जुन्या अँबॅसिडरचे हेड बिडाचे, ते पुष्कळ सोसणारे. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तिचे हेड ॲल्युमिनियमचे, आणि पुढच्या बहुतेक छोट्या गाड्यांचेही तसेच. असे हेड कुरतडले जाते, आणि एकदा फार तापले तर वाकते. मग हेड गॅस्केट जाते, पाणी ऑइलात मिसळते, आणि लेथवर हेड फेस करून आणण्याची पाळी येते. मालक म्हणतो, ‘गाडी जुनी झाली, दुसरे काय!’ गाडी जुनी झालेली नसते, तिला वाईट पाणी पाजलेले असते.

कोणी म्हणेल, आम्ही पाणी उकळून, गार करून घालतो. उकळल्याने थोडा चुना खाली बसतो खरा, पण मीठ आहे तेथेच राहते. उलट पाणी आटल्याने ते अधिकच दाट होते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे मिसळून घालावे, हाच सरळ उपाय. कूलंट थंड देशांत बर्फ होऊ नये म्हणून घालतात, आपल्याकडे त्याचे काय काम, असा एक शहाणपणाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्याकडे त्याचे काम गंज रोखण्याचे आणि उकळणे लांबवण्याचे. त्यातील गंजरोधक द्रव्ये मात्र संपतात, म्हणून साधे कूलंट दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते.

आता उन्हाकडे वळू. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, हे येथे सांगण्याची गरज नाही. ‘भाऊ, गाडी लई तापून रायली,’ असे मालक म्हणतो, आणि पुष्कळदा पहिला उपाय होतो तो थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा. हा उपाय आम्हांला मान्य नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा दरवाजा. तो काढला की थंडीच्या सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल अधिक जाते. आणि काही इंजिनांत तर आडवाटेने पाणी रेडिएटर टाळून फिरत राहते, म्हणजे तापणे थांबत नाहीच. त्यापेक्षा रेडिएटरचे झाकण तपासावे. ते दाब धरून ठेवते म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की दाब गेला. झाकणाची किंमत नगण्य, आणि त्याच्यापायी अख्खे इंजिन बांधावे लागते! (तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते, तरी दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा हात पोळतोच.)

कार्ब्युरेटरच्या गाडीत उन्हाने पेट्रोलची वाफ नळीतच होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना उपाय यावर आजही चालतो. मात्र आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या मऊ पडतात, फुगतात, पाझरतात. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल पाझरणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगत नाही. या नळ्या आधी बदला, रंगकाम मग करा.

कारण जुन्या गाडीत खर्चाचा क्रमच उलटा लागतो. पाहुण्यांना दिसते म्हणून डेंटिंग-पेंटिंग आधी होते, आणि ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे तेच राहते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. सपाट वऱ्हाडात हे कळत नाही. कळते ते चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना. सुमारे १,१०० मीटरवरून खाली येताना सारखा ब्रेक दाबला की ते ओले ऑइल उकळते, नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जाते. गाडीत घरची मंडळी असतात. दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावे.

टायरचेही तसेच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्याचा जागतिक विक्रम झाला, आणि त्याच डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. खड्डे गेले, पाटे आणि बुश सुटले. पण वेग वाढला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत पण साल दहा वर्षांपूर्वीचे, असा टायर भर दुपारी १२० च्या वेगाने पळवू नये.

हे सारे करून गाडी ठेवावी काय? वऱ्हाडच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: आपली हवा कोरडी. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा सडतो. येथे वीस वर्षांच्या गाडीचाही तळ शाबूत सापडतो. म्हणून मुंबईहून स्वस्तात आणलेल्या गाडीची चटई उचलून आधी तळ पाहावा. इंजिन पुन्हा बांधता येते, सडलेला पत्रा बांधता येत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे पेट्रोल अधिक जाते, आणि तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत शिरते. एवढ्याने कोणी गाडी मोडीत काढू नये.

सरकारी खर्चही धरला पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये. शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा. दिल्लीतल्या बंदीची बातमी वाचून घाबरलेले लोक आम्हांला भेटतात. ते निर्बंध दिल्ली परिसराचे, वऱ्हाडचे नव्हेत.

आणि तळच गेला असेल, तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, तेथून ठेव-प्रमाणपत्र घ्यावे आणि आर.टी.ओ.त नोंदणी रद्द करून घ्यावी. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला रोख घेऊन दिली तर पत्रा जातो, पण आर.सी. आपल्याच नावावर राहते, आणि ती नंबर प्लेट उद्या कोणत्या गाडीवर दिसेल, हे सांगता येत नाही.