पेशीचं दार

माझी भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. परवा तिथे गेलो तेव्हा तिने फ्रीझरमधून प्लास्टिकची एक इवलीशी कुपी काढून दाखवली. बाजूला छापलं होतं, 'फक्त संशोधनासाठी'. मी विचारलं, "यात आहे तरी काय?" म्हणाली, "मामू, माणसाच्या पेशीचं दार."

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. पण दार म्हटल्यावर कवी थबकतोच.

शरीरात कुठे जखम झाली, सूज आली, की तिथल्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. ही हाक. ती ऐकणारी प्रथिनं पांढऱ्या पेशींच्या अंगावर असतात, त्यांना 'ग्राही' म्हणतात. कुपीतल्या ग्राहीचं नाव सीसीआर-५. ३५२ अमिनो आम्लांची माळ, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेली. अभ्यासासाठी माणसाचं जनुक दुसऱ्याच पेशीत घालून तिच्याकडून हे प्रथिन करवून घेतात. पडद्यातून बाहेर काढलं की त्याची घडी विस्कटते, म्हणून एवढी जपणूक.

१९९६ साली कळलं, की एचआयव्ही पेशीत शिरताना बहुधा याच दाराचा आधार घेतो. काही माणसांत या जनुकाची ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात, हेही त्याच वर्षी कळलं. आई-वडील दोघांकडून तसंच जनुक आलं तर हे दारच उरत नाही, आणि विषाणू सहसा बाहेरच राहतो. उत्तर युरोपीय वंशात अशी माणसं शंभरात एखादं. आपल्याकडे फारच विरळा.

१९९६ मला आठवतं ते वेगळ्या कारणाने. माझ्या एका मित्राला हा आजार झाला होता. मी भेटायला गेलो आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस केली. वहिनींनी चहा आणला, तर म्हणालो, घाई आहे. पुढच्या वर्षी तो गेला. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून.

बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन नावाचा अमेरिकन राहत होता. त्याला एचआयव्ही होता, वर रक्ताचा कर्करोग. डॉक्टर गेरो ह्युटर यांनी मूळपेशींसाठी असा दाता शोधला, ज्याच्याकडे हे दारच नव्हतं. २००७ आणि २००८ अशी दोन रोपणं झाली. एचआयव्हीतून बरा झालेला तो जगातला पहिला माणूस. २०२० साली तो वारला, पण उलटलेल्या कर्करोगाने. असं रोपण जिवावरचं असतं, सगळ्यांना करता येत नाही. हेच दार अडवणारी मॅराव्हिरॉक ही गोळी मात्र २००७ साली आली.

मग सगळ्यांचीच दारं काढून टाकावीत? २०१८ मध्ये चीनमध्ये हे ज्यानकुई या संशोधकाने जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेत याच जनुकावर कात्री चालवल्याचं जाहीर केलं. त्याला तुरुंगवास झाला, आणि झाला ते बरंच झालं, असं मला वाटतं. हे दार नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार अधिक जड जातो.

भाचीने कुपी परत ठेवली. मी तिला मित्राची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामू, शेजारी बसल्याने, चहा प्यायल्याने तो लागत नाही, हे तेव्हाही माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," मी म्हणालो.