करवतीचे इंजिन आकाशात

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत सादर केलेल्या सप्रात्यक्षिक व्याख्यानाची संहिता)



गणेशोत्सवात चेनसॉवर, म्हणजे झाडे कापायच्या साखळी-करवतीवर व्याख्यान, हे जरा विचित्रच. पण आपला देव बुद्धीचा आणि आपले शहर कलाभवनाचे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताने काम करत शिकणाऱ्यांसाठी. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. तेव्हा ग्रीसने माखलेल्या हातांना बडोद्यात तरी कुणी नावे ठेवणार नाही, या धीरावर आम्ही चौघे आपल्यापुढे उभे आहोत.

आम्हाला बांधायचे होते पायपर कब या जुन्या अमेरिकन विमानाचे मॉडेल. मूळ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३५ फूट ३ इंच. आम्ही धरले एक चतुर्थांश माप, म्हणजे पावणेनऊ फुटांहून थोडे जास्त. छोट्या मॉडेलची इंजिने मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालतात. एवढ्या मोठ्या विमानाला ते इंधन परवडत नाही, आणि तयार परदेशी पेट्रोल इंजिनाची किंमत ऐकून घरी विषय काढायचीही सोय उरली नाही.

करवतीचे इंजिन मात्र जणू याच कामासाठी घडवलेले. माणसाने दिवसभर हातात धरायचे, म्हणून हलके. फांदी आडवी, उभी, तिरकी कशीही कापायची, म्हणून कार्बोरेटरमध्ये फ्लोट नाही. त्याच्या जागी पातळ डायफ्रॅम असतो. इंजिनाच्या पोटातला दाब वरखाली होतो, त्यावर तो हलतो आणि पेट्रोल ओढून घेतो. विमान उलटे झाले तरी इंजिन बंद पडत नाही. हा काही आमचा शोध नव्हे. १९७३ साली मिशेल कोलोंबान या फ्रेंच अभियंत्याचे ‘क्री-क्री’ हे विमान उडाले, ते करवतीच्या दोन इंजिनांवर. तेही मॉडेल नव्हे. त्यात माणूस बसला होता.

भंगारबाजारात आम्हाला एक करवत मिळाली. लेबलवर ५८ सीसी लिहिलेले. घरी आणून मोजले तर सिलिंडरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४. मुलांनो, हिशेब करून पाहा, ५४ येतात. चार सीसी लेबलातच राहिले!

मग खोलायला बसलो. साखळी, तिची पट्टी, साखळीला तेल देणारा पंप, हँडल, दोरीचा स्टार्टर, सगळे निघाले. क्लच काही निघेना. जोर लावावा तितका घट्ट. शेवटी लक्षात आले की त्याचे आटे उलटे आहेत. स्पार्क प्लगच्या भोकातून सुतळी आत सोडून पिस्टन अडवला, पाना उलटा फिरवला आणि क्लच सुटला.

क्लचच्या जागी पंखा लावला आणि इंजिन सुरू केले. हवा जायची त्याच्या उलट दिशेला! करवत क्लचच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. विमानाचा साधा पंखा समोरून पाहताना काट्याच्या उलट फिरावा लागतो. म्हणून पंखा दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला न्यावा लागला. त्यासाठी लेथवर अॅल्युमिनियमचा हब कातून घेतला.

आता जे सांगायचे ते हसण्यासारखे नाही.

इंजिन बाकाला घट्ट बांधून आम्ही मंद गतीवर चालवत होतो. कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवायचा होता. आमच्यातले एक जण पंख्याच्या बाजूने वाकले. आरतीला पेटी वाजवतात ते. आपण सगळे त्यांना ओळखता. उजव्या हाताच्या दोन बोटांना मिळून सात टाके पडले. त्या वर्षी आपली आरती नुसत्या टाळांवर झाली. कारण विचारले गेले तेव्हा आम्ही ‘जरा लागलंय’ म्हणून वेळ मारून नेली. आज खरे कारण सांगतो आहोत.

मंद गतीवर करवतीची साखळी थांबलेली असते, कारण क्लच तिला सोडून देतो. आमच्या मनात तीच सवय बसली होती: आवाज मंद, म्हणजे धोका नाही. पण क्लच तर आम्हीच काढून ठेवला होता. दवाखान्यातून परतताना पेटीवाले काका म्हणाले, “इंजिनाचा दोष नाही. आपण क्लच काढला, पण त्याचं काम कुणाकडे दिलं?”

महिनाभर आम्ही इंजिनाला हात लावला नाही. मग कागद घेऊन बसलो आणि काढलेल्या प्रत्येक भागापुढे त्याचे काम लिहिले. क्लचचे काम माणसांनी घ्यायचे. इंजिन चालू असताना पंख्याच्या पुढे किंवा रेषेत कुणी उभे राहायचे नाही, आणि स्क्रू फिरवायचा तो मागूनच. हँडलवरच्या बंद करायच्या बटणाचे काम रिमोटवरच्या वेगळ्या स्विचकडे दिले. फ्लायव्हीलवरच्या पात्या सिलिंडरला वारा घालत. ते काम पंख्याच्या हवेकडे गेले. त्यासाठी सिलिंडरभोवती पत्रा वळवला आणि हवा बाहेर पडायची वाट आत शिरायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवली. जड फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोचे काम बॅटरीवरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे सोपवले. पेट्रोलची सिलिकॉन नळी फुगते म्हणून तीही बदलली. साखळीच्या तेलाचे काम तेवढे खरोखरच संपले होते.

पंखा किती वेगाने फिरतो, तेही सांगतो. वीस इंची पंखा मिनिटाला ७,००० फेरे घेतो, तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे ६७० किलोमीटर वेगाने जात असते. डोळ्यांना मात्र तिथे नुसते धुके दिसते. आज टेबलावर पंखा आहे, इंजिनात पेट्रोल नाही, याचे कारण हेच.

जानेवारीतल्या एका सकाळी शहराबाहेरच्या माळावर विमान नेले. वजन साडेनऊ किलो. आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत. म्हणून जागा ग्रीन झोनमध्ये आहे ना, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधीच पाहिले होते. लिटरला ३० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, टाकी अर्धी. रिमोट कुणी धरायचा, यावर चर्चा झालीच नाही. तो पेटीवाल्या काकांच्या हातात होता. विमान तीसेक पावलांत उठले. माळाला चार फेऱ्या घालून उतरताना एक उडी मारली, एक चाक वाकले आणि थांबले. कुणी बोलेना. मग काकांनीच आधी स्विच बंद केला, पंखा थांबेपर्यंत पाहिले, आणि नंतर टाळी द्यायला हात पुढे केला.

ज्या मुलांना हे शिकायचे आहे, त्यांनी रविवारी सकाळी यावे. सोबत आईवडिलांपैकी कुणीतरी हवेच. आधी महिनाभर फक्त खोलायचे आणि प्रत्येक भागाचे काम वहीत लिहायचे. पंखा त्यानंतर.

आज आरतीला पेटी आहे. आपण सर्वांनी थांबावे.

गणपती बाप्पा मोरया!