अभ्यासक्रम कोणी ठरवावा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी हा रुक्ष विषय कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु बदलीच्या नोकऱ्यांमुळे आपली मुले दिल्लीपासून कोलकात्यापर्यंत निरनिराळ्या विद्यापीठांत शिकतात. त्यांच्या हाती कोणते पुस्तक पडावे, हे कोण ठरवते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

विद्यापीठांवर बाहेरचा अंमल असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत 1904 साली झालेल्या कायद्याने मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांच्या अधिसभेत निवडून यावयाचे सदस्य केवळ वीस ठेवले; बहुसंख्य सदस्य नेमणुकीचे. नामदार गोखले यांनी त्या विधेयकाला कसून विरोध केला. त्या काळी हात सरकारचा होता आणि तो उघड दिसत होता.

तथापि विद्यापीठाबाहेरच्या माणसाने शिक्षणाविषयी बोलूच नये, असे मी म्हणणार नाही. महात्मा फुले कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. तरी 1882 साली हंटर आयोगापुढे लेखी निवेदन सादर करून, उच्च शिक्षणाकडे लक्ष पुरवताना बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होत आहे, असे त्यांनी सरकारला बजावले. आपले म्हणणे कारणांसह, स्वतःच्या नावाने मांडणे याला निवेदन म्हणतात. दडपण ही वेगळी वस्तू आहे.

हा भेद आपल्या काळात पुसट झाला. 2010 साली मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या कादंबरीच्या प्रती जाळण्यात आल्या. पाठोपाठ कुलगुरूंनी तातडीच्या प्रसंगासाठी असलेला आपला विशेषाधिकार वापरून, वर्ष चालू असतानाच ती अभ्यासक्रमातून वगळली. दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांच्या रामकथेच्या विविध रूपांवरील निबंधावरून 2008 साली इतिहास विभागात मोडतोड झाली. पुढे चार तज्ज्ञांचे मत घेण्यात आले. तिघांनी निबंध ठेवावा असे सांगितले. तरीही 2011 साली विद्या परिषदेने तो काढून टाकला.

एक कादंबरी वा एक निबंध गेल्याने विद्यापीठ बुडत नाही, हे मान्य. खरी हानी नंतर होते आणि ती कोणत्याही इतिवृत्तात नोंदली जात नाही. पुढील वर्षी पुस्तक निवडणारा प्राध्यापक, ते उत्तम आहे काय, असे विचारण्यापूर्वी, त्यावरून गोंधळ होईल काय, असे स्वतःलाच विचारू लागतो. मग बाहेरून कोणी येण्याची आवश्यकताच उरत नाही.

शासकीय सेवेत आम्हां मंडळींना एक शिस्त लागलेली असते. निर्णय फिरवावयाचा तर टिपणीत कारणे लिहावी लागतात आणि खाली सही करावी लागते. विद्यापीठांकडून एवढीच अपेक्षा आहे. तक्रार अवश्य ऐकावी. पण निर्णय त्या विषयाच्या जाणकारांनी, अभ्यास मंडळात, कारणे लिहून घ्यावा. जमावाचा आवाज हे कारण होऊ शकत नाही.

ही कसोटी आपल्याला स्वतःलाही लावता आली पाहिजे. बंगालमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलाला अठराव्या शतकातील बर्गींच्या स्वाऱ्यांचा इतिहास भेटणारच. गंगाराम कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य मराठी फौजांच्या अत्याचारांचे वर्णन करते. नागपूरकर भोसल्यांच्या पराक्रमाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला ते बोचेल. अशा वेळी ते पान फाडण्याची मागणी करावयाची, की मुलाला मराठी साधनेही वाचावयास देऊन दोन्ही बाजू पारखावयास शिकवावयाचे? मी दुसरा मार्ग पत्करीन. ज्या वर्गात आपल्याला बोचणारे पान निर्भयपणे वाचता येते, त्याच वर्गात आपली बाजूही निर्भयपणे मांडता येते.

मंडळाच्या ग्रंथालयाने या वर्षी अशा परस्परविरोधी ग्रंथांसाठी एक कपाट राखून ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.