परळची खानावळ आणि स्टँडवरचा वडा

धारा काढून, भांडी घासून कुणी ओसरीवर बसल्या असाल, कुणी शेंगा फोडत ऐकत असाल. हात चालू ठेवा, गप्पा ऐका.

मागच्या आठवड्यात एका बचत गटाच्या चौघीजणी इथं रेडिओवर आल्या होत्या. गावाचं नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. गटाची शिल्लक बरी साठली आहे आणि एसटी स्टँडसमोर एक गाळा भाड्यानं मिळतो आहे. वडापावची साखळी दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांना कागद देऊन गेला. पाटी कंपनीची, वडे कंपनीचे, चटणीसुद्धा कंपनीची. तुम्ही अनामत भरायची, तळायचं, विकायचं आणि विक्रीतला वाटा कंपनीला द्यायचा. दोघी म्हणतात घेऊ, दोघी म्हणतात नको. भांडण मिटेना, तेव्हा त्यातली एक म्हणाली, "ताई, तुम्ही परळच्या. वडापाव तुमच्याकडचा. तुम्हीच सांगा."

आता परळची म्हणजे मी तिथं वाढले एवढंच. आई-वडील पाटणकडचे, सातारा जिल्ह्यातले. वडील गिरणीत साच्यावर होते आणि आई खानावळ चालवायची. म्हणून उत्तर द्यायच्या आधी खानावळीचं सांगते. वड्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

परळ, लालबाग, शिवडी, वरळी या सगळ्या भागाला गिरणगाव म्हणायचे. माणसं आली ती रत्नागिरीकडून, सिंधुदुर्गाकडून, आमच्या घाटावरून, कोल्हापूर-सांगलीकडून. बायकामुलं गावाला आणि पुरुष मुंबईत. एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. या माणसांना जेवू कोण घालणार? हॉटेल रोज परवडत नाही, आणि गावाकडच्या भाकरीची चव हॉटेलात नाही. मग चाळीतल्याच बाया महिन्याच्या बोलीवर डबे लावून घ्यायच्या. अशा हजारो खानावळी होत्या. पाटी एकीलाही नव्हती.

आईकडं पंधरा जण जेवायचे. माणशी तीन भाकऱ्या धरा, म्हणजे एका वेळच्या पंचेचाळीस आणि दोन वेळच्या नव्वद. पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. भोंगा व्हायच्या आत पहिल्या पाळीचे डबे भरून तयार. आमची खोली दहा बाय बाराची. पंगत दोन खेपांत बसायची आणि आम्ही पोरं तोवर गॅलरीत. आईला मासे येत नव्हते. पंधरातले सहा जण कोकणातले, बांगड्याशिवाय त्यांचं तोंड वळेना. शेजारच्या मालवणच्या काकूंनी आईला तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं शिकवलं आणि आईनं त्यांना झुणका शिकवला. त्यामुळं आमच्याकडं बुधवारी तिखलं नि भात, इतर दिवशी भाकरी नि कोरड्यास. दोन जिल्ह्यांची चव एका स्टोव्हवर. मला वाटतं मुंबईचं सगळं खाणं असंच झालं आहे.

वडापावच घ्या. बटाटा आपल्या मातीतला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडं आला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. मिरचीही त्यांच्याच गलबतातून आली. पावही त्यांचा; तो गोव्याच्या भटारखान्यातून मुंबईत आला आणि इराण्यांच्या बेकऱ्यांनी तो गल्लोगल्ली पोचवला. हे इराणीही परदेशातून आलेले. उडुपीची माणसं मुंबईत आली नि इडली-डोसा घेऊन आली. माटुंग्याला रामा नायक यांनी 1942 साली काढलेलं उडुपी बोर्डिंग आजही चालू आहे. बेसन तेवढं आपलं. या सगळ्यांची गाठ दादर स्टेशनबाहेर पडली. 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तिथल्या गाडीवर वडा पावात घालून द्यायला सुरुवात केली, असं सांगतात. पाळीला पळणाऱ्या गिरणी कामगाराला ते फार सोयीचं. ताट नको, बसायला जागा नको, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वडापाव. उडुपी हॉटेलांसमोर मराठी पोरांचा धंदा म्हणून शिवसेनेनंही पुढं या गाड्यांना पाठबळ दिलं.

पण गाडी पुरुषाची आणि खानावळ बाईची. गाडीवाल्याचं नाव राहिलं. खानावळवालीचं?

खरी गोष्ट इथं आहे, बायांनो. राबणारी आई, पण खोलीचं भाडं वडिलांच्या नावावर आणि रेशनकार्डही वडिलांच्या नावावर. जेवणारे पैसे द्यायचे महिन्याच्या पगाराला, आणि ज्वारी, तेल, रॉकेल लागायचं रोज. मधली तोंडमिळवणी वाण्याच्या उधारीवर. उधारीवाल्याचा भाव वेगळा. मापात किडकी डाळ आली तरी बोलायची सोय नाही. उधारी फार तुंबली की मग सावकार. आईचं डोरलं वर्षातले सात-आठ महिने त्याच्या कपाटात असायचं. ती म्हणायची, "माझ्यापेक्षा त्यानंच जास्त मिरवलं."

या बायांच्या घामाची पहिली नोंद घेतली ती प्रेमा पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि मग मुंबईत कामगारांच्या चळवळीत आलेल्या. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 सालीच झालं होतं, गरिबाला कर्ज द्या असं सरकार म्हणत होतं. पण चाळीतली बाई बँकेची पायरी कशी चढणार? प्रेमाताईंनी खानावळवाल्यांचे गट केले. एकीनं दुसरीची हमी घ्यायची. पहिल्या खेपेला 14 जणींना दीड-दीड हजाराचं कर्ज मिळालं. आज आपण बचत गटात जे करतो त्याच्याशी ताडून बघा, आणि साल 1975 होतं हे ध्यानात ठेवा. पुढं त्यांना 2002 साली पद्मश्री मिळाली.

आमच्या मजल्यावरच्या दोघी आधी गेल्या, आई मागून गेली. कर्जाचा आकडा मला आता आठवत नाही. आठवतं ते असं, की बँकेच्या कागदावर आईचं नाव होतं. तिचं स्वतःचं, आडनावासकट. सही करायला शिकून गेली होती. तीन संध्याकाळी पोळपाटावर पिठात बोटानं गिरवत होती. पहिल्यांदा रोखीनं पोतंभर ज्वारी आणली, त्या दिवशी वाणी तिला "बाई" म्हणाला. एरवी "ए बाई" म्हणायचा.

मग 18 जानेवारी 1982 आला. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे बंद झाले. महिना गेला, दोन गेले. पंधरातले सात गावाला परतले, आठ राहिले. त्यांच्याकडं द्यायला पैसे नाहीत, आमच्या वडिलांचाही पगार नाही. खानावळ बंद करावी, तर हे आठ कुठं जेवतील? चालू ठेवावी, तर बँकेचा हप्ता नि वाणी. वडील म्हणाले बंद कर. आईनं बंद केली नाही. तीनच्या दोन भाकऱ्या केल्या, कोरड्यास पातळ केलं आणि वही लिहीत राहिली. मी तेव्हा सातवीत होते, वही माझ्याच अक्षरात आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. आईची बरीच उधारी बुडाली. डोरलं पुन्हा गेलं, ते परत आलंच नाही.

त्यातला एकजण नऊ वर्षांनी आला. गावाकडं शेळ्या पाळून पैसे जमवले होते. सगळी बाकी मोजून पुढ्यात ठेवली. आईनं वही काढायला लावली आणि आधी त्याचे खाडे मोजले. आजारी होता ते चार दिवस, गावाला गेला ते सहा. दहा दिवसांचे पैसे कापून त्याला परत दिले. तो घेईना. आई म्हणाली, "भावजी, न जेवल्याचं पैसं मी कसं घेऊ?"

संपानंतर परळमध्ये वडापावच्या गाड्या वाढल्या. गिरणीतून सुटलेल्या कितीकांनी कढई ठेवली, आणि घरात बटाटे उकडून सोलायला बायकोच होती. पुढं या गाडीवरच्या खाण्याची दुकानं झाली आणि दुकानांच्या साखळ्या झाल्या. 2001 साली मालाडला जम्बोकिंग निघालं, 2004 साली कल्याणला गोली. गोलीनं वडा हातानं करणंच बंद केलं. यंत्रावर करायचा, गोठवायचा, गाडीनं दुकानात पोचवायचा, तिथं फक्त तळायचा. त्यामुळं नाशिकला खा नाहीतर नागपूरला, चव एकच.

याला नावं ठेवायची नाहीत. त्या चौघींतल्या एकीची पाठ धरते. तिला दहा किलो बटाटा सोलणं झेपणार नाही, आणि तयार वड्यानं तिचे रोजचे दोन-तीन तास वाचतील. ओळखीची पाटी असली की परगावचा प्रवासी बिचकत नाही, हेही खरं. पण मी त्यांना विचारलं, तुमच्या स्टँडवर परगावचे किती उतरतात? बहुतेक कॉलेजची पोरं नि बाजाराला येणारी माणसं, सगळी तुम्हाला ओळखणारी. मग पाटीचे पैसे कशासाठी? आणि वडा कारखान्यातून येणार असेल तर गटातल्या अकरा जणींना काम काय उरलं? तळायला दोघी पुरतात.

माझं मत मी त्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगते. पाटी घेऊ नका, पण त्या लोकांची शिस्त घ्या. साखळीवाल्याचा वडा वजनावर असतो. तुम्हीही काटा घ्या. वडा 50 ग्रॅमचा ठरवलात, तर पाच किलो भाजीत 100 वडे. हात सैल पडून 60 ग्रॅमचा झाला, तर 83. सतरा वडे रोज कढईत जाण्याआधीच गेले. पावाचे, तेलाचे वजा केले तरी एका बाईची अर्धी मजुरी झाली. तेल काळं पडलं की टाकायचं, त्यात रोज नवं ओतत राहायचं नाही. वडा वर्तमानपत्रात बांधायचा नाही, ती शाई पोटात जाते. अन्नसुरक्षेची नोंदणी काढून भिंतीवर लावा.

भाव ठरवताना आपली मजुरी धरा. 1995 साली सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली होती, आठवतं का? गरिबाची सोय झाली, पण रुपयात भाकरी पडत नाही. वरचे पैसे सरकार देत होतं. ते थांबल्यावर कितीतरी केंद्रांत झुणका सोडून बाकी सगळं मिळायला लागलं. तुमच्या वड्याला वरून पैसे देणारं कुणी नाही. गटातल्या बायांचा वेळ फुकट धरलात, तर वरचे पैसे तुम्हीच देताय असं समजा.

आणि शेवटी त्या चौघींनी जाता जाता सांगितलं, ते ऐकून मी खुर्चीतून उठलेच. गाळ्याचा करार अध्यक्षबाईंच्या मालकांच्या नावानं करायचं ठरलं आहे. का, तर "बाईच्या नावानं कशाला, उगाच तालुक्याला खेटे." मी म्हटलं, अहो, शिल्लक गटाची, राबणार तुम्ही, आणि कागद त्यांचा? भला माणूस असेल, आहेच. माझे वडीलही भले होते. पण गिरणी बंद पडल्यावर खोलीचा व्यवहार झाला तेव्हा आईला कुणी विचारलं नाही; तिला सही येत होती तरी. करार गटाच्या नावानं करा. तालुक्याला खेटे पडतील, मी बरोबर येते.

चौघी येत्या गुरुवारी परत येणार आहेत, दुपारी दोन वाजता. ज्यांना असा धंदा करायचा आहे त्यांनी पण या. बटाट्याचा, बेसनाचा, तेलाचा, पावाचा तुमच्या बाजारातला भाव विचारून या, गाळ्याचं भाडं विचारून या, मग आपण एका वड्याचा हिशेब मांडू. आईची वही मी घेऊन येते. तुम्ही आपापली वही आणा. पेनही आणा, मागच्या खेपेला एकच पेन सगळ्यांत फिरत होतं.